घराण्यातून येणारा मूत्रपिंडाचा कॅन्सर आणि पेशीतील साखरेचे गाळप



या पानावर आम्ही एरवी लागणीच्या तारखा, बेणेमळा, खोडव्याची निगा, हुमणी, तणनाशके अशा विषयांवर लिहितो. या अंकात विषय निराळा आहे. ऊस विकास विभागाने माणसाच्या मूत्रपिंडाच्या कॅन्सरवर लिहावयाचे काय कारण, असे कोणीही विचारील. कारणे दोन आहेत. पहिले असे की, आमच्या कार्यक्षेत्रातील एक तरुण सभासद या रोगाने गेले, आणि त्यांच्या घरच्यांनीच आम्हांस सांगितले, "साहेब, नाव घालू नका, पण हे छापा. आमच्या घरी जे उशिरा कळलं ते दुसऱ्याच्या घरी वेळेत कळू दे." दुसरे कारण असे की, या रोगाचे मूळ साखरेशी निगडित आहे. शरीराच्या पेशीत साखर जाळण्याची जी साखळी असते, तिच्यातील एक कडी तुटली की हा रोग होतो. साखळीतील एक खाते बंद पडले की मागे काय तुंबते, हे साखर कारखान्याच्या सभासदाला वेगळे सांगावयास नको.

औषधोपचार सांगणे आमचे काम नव्हे, ते डॉक्टरांचे. पण बेणे, वाण, गुण आणि दोष एका पिढीतून दुसऱ्या पिढीत कसे जातात हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तेवढ्या बळावर हा विषय मांडत आहोत.

रोग कोणता?

मूत्रपिंडाचे, म्हणजे किडनीचे, कॅन्सर एकाच जातीचे नसतात. त्यांतले बहुतेक घराण्यातून येत नाहीत. विडी-सिगारेट, लठ्ठपणा, वाढलेला रक्तदाब ही त्यांची परिचित कारणे. शंभरातले पाच-आठच काय ते घराण्यातून उतरतात. त्यातलाही एक अगदी विरळा प्रकार म्हणजे 'हेरेडिटरी लियोमायोमॅटोसिस अँड रीनल सेल कॅन्सर'. नाव जिभेला जड आहे, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला 'एचएलआरसीसी' म्हणतात. जगभरात अशी काही शे घराणी नोंदली गेली आहेत.

या घराण्यांत तीन गोष्टी आढळतात. एक, कातडीवर घट्ट, कातडीच्याच किंवा तांबूस-तपकिरी रंगाच्या लहान गाठी. दंड, पाठ, छाती, मांड्या अशा जागी त्या घोसाने येतात. थंडी लागली किंवा धक्का बसला की त्यांतून कळ निघते. दोन, स्त्रियांच्या गर्भपिशवीत फायब्रॉईडच्या गाठी, त्याही विशी-तिशीतच, मोठ्या आणि अनेक. तीन, काही जणांना मूत्रपिंडाचा कॅन्सर. दोष अंगी असणाऱ्या शंभर माणसांपैकी पंधराच्या आसपास लोकांना आयुष्यात कधी तरी हा कॅन्सर होतो, असा अंदाज आहे. म्हणजे पंचाऐंशी जण सुटतात. पण ज्यांना होतो त्यांना बहुधा चाळिशीच्या आसपास होतो, क्वचित दहा-अकरा वर्षांच्या मुलालाही झालेला आहे. आणि गाठ लहान असतानाच तो शरीरात इतरत्र पसरतो. यातच त्याचा खरा धोका.

एका घरातील हकीकत

वर उल्लेखिलेले सभासद अडतीस वर्षांचे होते. शेती नमुनेदार, आडसालीचा उतारा चांगला, माणूस कामसू. त्यांच्या दोन्ही दंडांवर पंधरा-वीस पुळ्यांसारख्या गाठी होत्या. हिवाळ्यात रात्रीचे पाणी धरायला गेले की त्या ठणकत. घरात सगळे म्हणत, "उष्णता आहे अंगात." त्यांच्या आईची पिशवी तिसाव्या वर्षी काढली होती, बहिणीची सत्ताविसाव्या. मामा किडनीच्या गाठीने पंचेचाळिशीत गेले होते. ही सगळी माहिती घरात होतीच, पण ती चार ठिकाणी विखुरलेली होती. कातडीचा डॉक्टर वेगळा, बाईच्या आजाराचा वेगळा, मामाची फाईल वेगळ्या तालुक्यात. एका कागदावर कोणी मांडली नव्हती.

एके वर्षी ऐन हंगामाच्या तोंडावर त्यांना कुशीत दुखू लागले व लघवीतून एकदा रक्त गेले. तोड आली होती, टोळी शेतात उतरली होती. ऊस गेल्यावर बघू, असे म्हणून महिना दीड महिना गेला. पुढे सोनोग्राफी झाली, शस्त्रक्रिया झाली, पण रोग यकृतापर्यंत पोहोचला होता. त्यानंतर ते चौदा महिने जगले.

त्यांच्या काढलेल्या गाठीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यातील खूण ओळखू आली. त्यांनी विचारणा केली, "घरात कुणाची पिशवी लवकर काढली आहे का? अंगावर गाठी आहेत का?" तेव्हा कुठे चार कागद एकत्र आले. रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि दोषाचे नाव कळले.

शोध कसा लागला?

कातडीच्या व गर्भपिशवीच्या गाठी एकाच घराण्यात पिढ्यान् पिढ्या येतात, हे रीड नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली दोन घराण्यांच्या अभ्यासावरून दाखविले. मूत्रपिंडाचा कॅन्सर त्याच माळेतला मणी आहे, हे फिनलंडमधील संशोधकांनी २००१ साली तेथील घराण्यांवरून मांडले. दोषाची जागा माणसाच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे, इथपर्यंत ते पोहोचले. पुढच्याच वर्षी, २००२ साली, इंग्लंड, फिनलंड आदी ठिकाणच्या संशोधकांनी मिळून नेमके जनुक शोधून काढले. त्याचे नाव 'फ्यूमरेट हायड्रेटेज', थोडक्यात 'एफएच'. नाव ऐकून सगळेच चकित झाले. कारण हे जनुक पेशीतल्या साखर जाळण्याच्या चक्रातले एक साधे, नेहमीचे, पाठ्यपुस्तकात असणारे वितंचक तयार करते. कॅन्सरशी त्याचा संबंध असेल अशी फारशी कोणाची अपेक्षा नव्हती.

टिपरी आणि बी

हा दोष घराण्यातून कसा उतरतो ते आता पाहू. आपण ऊस टिपरीने लावतो. को ८६०३२ ची टिपरी लावली की को ८६०३२ च उगवतो. माणसाचे तसे नाही. माणूस बियाण्यासारखा आहे. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात दोन वाणांचे तुरे एकत्र आणून बी धरतात, आणि त्या प्रत्येक बियातून निराळे रोप निघते, तसे. अर्धा हिस्सा आईचा, अर्धा बापाचा.

आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. आजच्या उसाच्या पेशीत शंभराच्या वर गुणसूत्रे असतात, आणि एकेका जनुकाच्या आठ-दहा-बारा नकला असतात. एखादी नक्कल बिघडली तरी ऊस खपवून नेतो. माणसाला गुणसूत्रे ४६, आणि जनुकाच्या नकला दोनच, एक आईकडची व एक वडिलांकडची. दोनांतली एक बिघडली की हाती एकच उरते.

या घराण्यात एफएच जनुकाची एक नक्कल जन्मतःच सदोष असते. दुसरी चांगली असल्याने काम चालते, माणूस धडधाकट असतो. पण आयुष्याच्या वाटेवर मूत्रपिंडातल्या एखाद्या पेशीत ती दुसरी नक्कलही हरवली, की त्या पेशीत ते वितंचक मुळीच राहत नाही. दोन फटके बसल्यावर रोग, हा विचार अमेरिकेतील डॉ. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरवरून मांडला होता. तोच येथे लागू पडतो.

सदोष नक्कल अंगी असलेल्या आई किंवा बापाकडून प्रत्येक मुलाला ती जाण्याचा संभव निम्मा. मुलगा असो वा मुलगी. पहिल्याला गेली म्हणून दुसरा सुटतो असे नाही. प्रत्येक वेळी नाणे नव्याने उडते. आणि पुरुषाला गर्भपिशवी नसल्याने त्याच्या अंगी दोष असूनही कधी कधी काही दिसत नाही, पण मुलीकडे तो जाऊ शकतो. म्हणून बापाकडचे व आईकडचे दोन्ही गोत विचारावे लागते.

पेशीतील गाळप कोठे तुंबते?

आपल्या कारखान्यात रस मिलमधून निघतो, तापतो, निवळतो, आटतो, पॅनमध्ये त्याचे दाणे धरतात, सेंट्रिफ्युगलला साखर व मळी वेगळी होते. समजा, पॅन बंद पडले. मागे सिरपच्या टाक्या भरतात, मग बाष्पीभवनाची भांडी थांबतात, आणि शेवटी गव्हाणीवरचा ऊसही उभा राहतो.

पेशीतही असेच आहे. साखर प्रथम अर्धवट फोडली जाते. त्यातून थोडीच ऊर्जा मिळते. ग्लुकोजच्या एका कणामागे ऊर्जेची दोन एकके म्हणा. तिचे तुकडे पुढे एका चक्रात जातात आणि तेथे प्राणवायूच्या साहाय्याने पुरते जळतात. मग सगळी मिळून तीसच्या आसपास एकके मिळतात. हे चक्र हान्स क्रेब्स यांनी इंग्लंडमधील शेफील्ड येथे १९३७ साली उलगडले. त्यांना १९५३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या चक्रातील एका टप्प्यावर फ्यूमरेट नावाचा पदार्थ तयार होतो आणि एफएच वितंचक त्याचे मॅलेट करते. वितंचकच नसेल तर? फ्यूमरेट तुंबतो. चक्र अडते. पेशी मग साखर अर्धवट फोडण्यावरच भागवते, आणि दोन एककांवर पोट भरायचे म्हणून साखर भसाभस ओढते. कॅन्सरच्या पेशी साखर अशी उधळतात, हे जर्मनीतील ओट्टो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच पाहिले होते. पण या घराण्यांत त्याचे कारण अगदी बोट ठेवून दाखविता येते.

तुंबलेला फ्यूमरेट नुसता पडून राहत नाही. पेशीत प्राणवायू कमी पडला की वाजणारी एक घंटा असते. प्राणवायू पुरेसा असला की एक राखणदार ती घंटा बंद ठेवतो. ही यंत्रणा शोधल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा या तिघांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. फ्यूमरेट या राखणदाराचेच हात धरून ठेवतो. प्राणवायू भरपूर असूनही घंटा वाजत राहते. पेशी समजते, आपला जीव गुदमरतोय. मग नव्या रक्तवाहिन्या फुटतात, वाढीचे हुकूम सुटतात, आणि गाठ पसरते.

येथे एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. हे वाचून कोणी म्हणेल, मग साखर खाल्ल्याने हा रोग होतो काय? नाही. दोष जनुकात आहे, चहाच्या कपात नाही. साखर किंवा गूळ सोडल्याने ही गाठ विरघळत नाही. आम्ही साखर कारखान्याचे नोकर म्हणून असे म्हणत नाही. गोड बेताने खावे हे मधुमेहाच्या व वजनाच्या दृष्टीने खरेच आहे. परंतु पथ्य पाळतो आहोत या भरवशावर तपासणी टाळली, तर घात होतो.

तपासणी व उपचार

दोष आहे किंवा नाही हे रक्ताच्या एका नमुन्यावरून कळते. प्रथम रोग झालेल्या व्यक्तीची तपासणी करून नेमकी चूक कोणत्या अक्षरात आहे ते शोधतात. ते सापडले की भावंडांची व मुलांची तपासणी सोपी होते, कारण काय शोधायचे ते ठाऊक असते. ज्याच्या अंगी दोष निघत नाही तो मोकळा. त्याच्या मुलांनाही या वाटेने धोका नाही. ज्याच्या अंगी दोष निघतो त्याने साधारण आठव्या वर्षापासून दरवर्षी मूत्रपिंडांचा एमआरआय करावा, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. नुसती सोनोग्राफी येथे पुरत नाही, कारण लहान गाठ तिच्यात निसटू शकते.

मूत्रपिंडाच्या इतर काही आनुवंशिक कॅन्सरमध्ये गाठ तीन सेंटिमीटरची होईपर्यंत डॉक्टर वाट पाहतात. या प्रकारात वाट पाहायची नसते. गाठ दिसली की भोवतालचा भाग घेऊन ती काढतात. रोग पसरला असेल तर रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हॅसिझुमॅब व वाढीचा हुकूम अडविणारे अर्लोटिनिब, ही दोन औषधे एकत्र देतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतील त्यांचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. या घराण्यांतील ४३ रुग्णांपैकी दहात सातांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. रोग पुरता गेला असे नव्हे, पण पूर्वी जेथे हात टेकावे लागत तेथे काही काळ मिळू लागला आहे.

पिशवी काढली, पण गाठ तपासली का?

भगिनींनी हा भाग जरूर वाचावा. फायब्रॉईडच्या गाठी अतिशय सर्रास असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींचा या रोगाशी काडीचा संबंध नसतो. कोणी घाबरून जाऊ नये. परंतु विशी-तिशीत मोठ्या, अनेक गाठी, त्यातून आई-बहिणीलाही तशाच, आणि अंगावर दुखऱ्या पुळ्या, असे जुळत असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याची बाब पुढे आली आणि राज्य शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. त्याची कारणे निराळी होती, ती या रोगाशी जोडू नयेत. पण त्यातून एक गोष्ट सर्वांनीच शिकण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया खरोखर जरूर आहे काय हे दुसऱ्या डॉक्टरांना विचारावे, आणि काढलेला अवयव प्रयोगशाळेत तपासणीला गेलाच पाहिजे, असा आग्रह धरावा. त्याचा लेखी अहवाल मागून घ्यावा. आमच्या सभासदांच्या बहिणीच्या पिशवीचा अहवाल घरात नव्हता. तो असता आणि कोणी त्यातली खूण ओळखली असती, तर भावाची तपासणी दहा वर्षे आधी झाली असती.

लग्नसंबंध आणि बोलणे

या घरातील पुढची हकीकत अशी. बहिणीच्या अंगी दोष निघाला, धाकट्या भावाच्या अंगी नाही. सभासदांच्या दोन मुलांपैकी बारा वर्षांच्या मुलाच्या अंगी निघाला, नऊ वर्षांच्या मुलीच्या नाही. मुलगा खेळतो, शाळेत जातो, वर्षातून एकदा एमआरआय होतो. बहिणीच्या सासरी मात्र बोलणे झाले, "तुमच्या घराण्यात आहे हे लपवून दिलीत मुलगी." वास्तविक लपविण्यासाठी आधी ठाऊक असावे लागते. म्हातारी आई अजून म्हणते, "माझ्याच पोटातनं आलं." तिला कोण समजावणार? आपल्याला कोणती नक्कल मिळावी आणि आपण पुढे कोणती द्यावी, हे कोणाच्याच हाती नसते. बियाणे निवडून कोणी जन्माला येत नाही.

आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक करण्याची चाल आहे. या दोषाच्या बाबतीत तेवढे जपावे. दोन्ही बाजूंनी तीच सदोष नक्कल असेल तर चारात एक मूल असे होऊ शकते, की त्याला दोन्ही नकला सदोष मिळतात. अशा मुलाला तान्हेपणापासूनच मेंदूचा गंभीर आजार होतो. म्हणून ज्या घरात हा दोष ठाऊक झाला आहे, तेथे नात्यातली सोयरीक ठरविण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. याचा अर्थ अशा घरातील मुलामुलींची लग्ने अडवावीत असा मुळीच नाही. ठाऊक असलेला दोष सांभाळता येतो. ठाऊक नसलेलाच माणूस घेऊन जातो.

सभासदांनी काय करावे?

१. एका कोऱ्या कागदावर आपल्या घराण्याच्या तीन पिढ्या मांडाव्यात, आईकडची व वडिलांकडची. कोण कशाने, कितव्या वर्षी गेले, कोणाची कोणती शस्त्रक्रिया झाली, हे लिहावे. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारावे.

२. शस्त्रक्रियेचे व गाठीच्या तपासणीचे सर्व अहवाल सात-बाराच्या उताऱ्यासारखे जपून ठेवावेत.

३. लघवीतून एकदा जरी रक्त गेले, दुखो वा न दुखो, तरी तोड, लागण, लग्नसराई काहीही चालू असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण ते डॉक्टरांनी म्हणावे, आपण नव्हे.

४. वरील तीन गोष्टींपैकी दोन एका घरात जुळत असतील तर आनुवंशिक कॅन्सरचा सल्ला देणाऱ्या विभागात जावे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात असा विभाग आहे. जाताना क्रमांक एकचा कागद सोबत न्यावा.

५. खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते याची रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी.

बेणे निवडताना आपण डोळा पाहतो, कांडे चिरून लाल रंग नाही ना बघतो, शेजाऱ्याच्या फडात काणी आली तर बांधावरून ओरडून सांगतो. माणसाच्या बाबतीत मात्र गोष्ट घरात दडपतो. या अंकाबरोबर गटकार्यालयात कोरे कागद ठेवले आहेत. त्यावर तीन पिढ्यांचा तक्ता आखलेला आहे. चिटबॉयकडे मागितल्यास तोही आणून देईल. तक्ता भरून कारखान्याकडे द्यावयाचा नाही, आपल्या घरीच ठेवावयाचा आहे.

— ऊस विकास अधिकारी